विश्लेषण : शनीची कडी ‘नाहीशी’ का होतात? आणि साडेसातीचा आकडा येतो कुठून?

‘२०२५मध्ये शनीची कडी नाहीशी होणार’ असा संदेश गेली दोन वर्षे समाजमाध्यमांवर फिरतो आहे. यंदा २३ मार्चला पृथ्वी शनीच्या कड्यांच्या अगदी पातळीत आली. येत्या २३ नोव्हेंबरच्या सुमारास ही कडी दुर्बिणीतून पुन्हा एकदा रेघेइतकी बारीक दिसतील. दुसरी घटनाही मार्चमधलीच आहे. २९ मार्चला, म्हणजे कड्यांच्या घटनेनंतर अवघ्या सहा दिवसांनी, बहुतेक दृक् पंचांगांनुसार शनीने मीन राशीत प्रवेश केला. मेष राशीच्या लोकांना साडेसाती लागली, मकर राशीची सुटली, अशी चर्चा घरोघरी झाली. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच आहे : शनीची संथ, २९ वर्षांहून अधिक काळ चालणारी सूर्यप्रदक्षिणा. शनी नेमका आहे कसा, त्याची कडी किती काळ टिकणार आणि पुण्यातील शास्त्रज्ञांनी या ग्रहाभोवतीच्या समजुती कशा तपासल्या, याचा हा आढावा.

कडी खरोखर नाहीशी झाली का?

नाही. ती जिथे होती तिथेच आहेत, बदलला तो आपला पाहण्याचा कोन. शनीचा आस त्याच्या कक्षेशी सुमारे २६.७ अंशांनी कललेला आहे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे आपल्याकडे ऋतू होतात, तसेच ऋतू शनीवरही होतात. फक्त तिथला एकेक ऋतू सात वर्षांहून मोठा असतो. कडी शनीच्या विषुववृत्ताच्या पातळीत आहेत. त्यामुळे शनी सूर्याभोवती फिरताना आपल्याला कधी कड्यांची उत्तर बाजू दिसते, कधी दक्षिण बाजू आणि मधल्या काळात फक्त त्यांची कड दिसते. ताट डोळ्यांच्या रेषेत आडवे धरले की त्याची गोलाई दिसत नाही, केवळ काठ दिसतो, तसेच हे आहे.

एका प्रदक्षिणेत असे दोनदा घडते. यापूर्वी ते सप्टेंबर २००९मध्ये घडले, यंदा मार्चमध्ये घडले आणि पुढे २०३८-३९मध्ये घडेल. ही अंतरे सारखी नाहीत. मागचे साडेपंधरा वर्षांचे होते, पुढचे साडेतेरा वर्षांचे आहे. शनीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने तो सूर्याच्या जवळ येताना वेगाने सरकतो, दूर जाताना रेंगाळतो. २०३२मध्ये तो सूर्याला सर्वांत जवळ असेल, म्हणून पुढचा टप्पा लवकर संपेल.

मार्चमध्ये शनी आकाशात सूर्याच्या अगदी जवळ होता, त्यामुळे तेव्हाची घटना जवळपास कुणालाच पाहता आली नाही. नोव्हेंबरमध्ये मात्र तो संध्याकाळच्या आकाशात आहे आणि कड्यांचा कल अर्ध्या अंशाहूनही कमी असेल.

कोड्यात पडणारे आपण पहिलेच नाही. गॅलिलिओने १६१०मध्ये दुर्बिणीतून शनी पाहिला तेव्हा त्याला मुख्य ग्रहाच्या दोन बाजूंना दोन छोटे गोल असल्यासारखे दिसले. १६१२मध्ये ते दोन्ही दिसेनासे झाले आणि तो चक्रावला. ही एक सपाट, ग्रहाला कुठेही न टेकलेली चकती आहे, हे उत्तर ख्रिस्तियान हायगेन्सने सुमारे अर्ध्या शतकानंतर दिले. अशी चकती अखंड घन असूच शकत नाही, ती असंख्य सुट्या कणांचीच असली पाहिजे, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५०च्या दशकाच्या अखेरीस गणिताने दाखवले.

कडी इतकी मोठी, तरीही दिसत नाहीत?

याचे कारण त्यांची जाडी. शनीच्या मुख्य कड्यांचा बाहेरचा व्यास सुमारे दोन लाख ७३ हजार किलोमीटर आहे. पृथ्वी ते चंद्र या अंतराच्या हे दोन-तृतीयांशांहून अधिक झाले. पण बहुतेक ठिकाणी या कड्यांची जाडी केवळ दहा मीटरच्या आसपास आहे, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी. हे प्रमाण डोळ्यांसमोर आणायचे असेल तर वर्तमानपत्राच्या कागदाची एक प्रचंड गोल चकती कल्पावी. कागद नेहमीच्याच जाडीचा ठेवला, तर चकतीचा व्यास साधारण दोन किलोमीटर करावा लागेल. पुण्यात शनिवारवाड्यापासून स्वारगेटपर्यंतचे सरळ रेषेतले अंतर साधारण तेवढेच आहे. शनीची कडी प्रमाणात इतकी पातळ आहेत. सव्वाशे कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावरून अशी चकती कडेने पाहिली, तर ती दिसेनाशी होणारच.

कड्यांमध्ये ९५ टक्क्यांहून अधिक पाण्याचा बर्फ आहे. धुळीच्या कणापासून घराएवढ्या तुकड्यांपर्यंत सर्व आकारांचे हे कण स्वतंत्रपणे शनीभोवती फिरतात. आतले वेगाने, बाहेरचे हळू. हा बर्फ सूर्यप्रकाश उत्तम परावर्तित करतो, म्हणून कडी उघडलेली असताना शनी साध्या डोळ्यांनाही अधिक तेजस्वी दिसतो आणि यंदासारख्या वर्षी काहीसा फिका वाटतो.

शनीवर उभे राहता येईल का?

येणार नाही, कारण पाय टेकायला तिथे जमीनच नाही. शनी मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा बनलेला आहे. वरच्या ढगांतून खाली जावे तसा दाब वाढत जातो, वायू दाट होत होत द्रवासारखा होतो आणि आणखी खोलवर हायड्रोजन धातूसारखा वीजवाहक बनतो. कुठेही ‘इथे वातावरण संपले, इथे जमीन लागली’ अशी सीमा नाही.

शनीमध्ये ७६०हून अधिक पृथ्वी मावतील, पण त्याचे वस्तुमान मात्र ९५ पृथ्वींएवढेच आहे. म्हणून त्याची सरासरी घनता दर घन सेंटिमीटरला ०.६९ ग्रॅम, म्हणजे पाण्याहून कमी आहे. ‘शनी पाण्यात टाकला तर तरंगेल’ हे शाळेत ऐकलेले वाक्य यातून आले. ते सरासरीपुरते खरे आहे. प्रत्यक्षात शनीचा गाभा पाण्याहून कितीतरी दाट आहे आणि वायूचा गोळा पाण्यात अखंड राहणारही नाही.

त्याचा दिवस साडेदहा तासांच्या आसपास असतो. एवढा मोठा गोळा इतक्या वेगाने फिरल्यामुळे तो मध्यभागी फुगला आहे आणि ध्रुवांकडे चपटा झाला आहे. विषुववृत्तावरील त्रिज्या ६० हजार २६८ किलोमीटर, ध्रुवाकडील ५४ हजार ३६४ किलोमीटर. हा जवळपास दहा टक्क्यांचा फरक लहान दुर्बिणीतूनही जाणवतो. ढगांच्या पातळीवर तापमान उणे १३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि विषुववृत्ताजवळ वारे ताशी १८०० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने वाहतात. उत्तर ध्रुवाभोवती ढगांचा सहा बाजूंचा प्रवाह आहे. व्हॉयेजर यानांच्या छायाचित्रांत तो प्रथम लक्षात आला. सुमारे ३० हजार किलोमीटर रुंदीच्या या षटकोनात दोन पृथ्वी शेजारी शेजारी बसतील.

आणखी एक विशेष म्हणजे शनीला सूर्याकडून जेवढी ऊर्जा मिळते, त्याच्या दुपटीच्या आसपास ऊर्जा तो बाहेर टाकतो. ग्रहाच्या जन्मावेळची उष्णता अजून शिल्लक आहेच, शिवाय आतील हेलियमचे थेंब खोलवर बुडताना उष्णता निर्माण होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

कडी शनीबद्दल काय सांगतात?

शनीचा दिवस नेमका किती तासांचा, हा प्रश्न अनेक वर्षे सुटत नव्हता. ढगांचे पट्टे वेगवेगळ्या गतीने फिरतात, त्यामुळे त्यांच्यावरून आतील गती कळत नाही. इतर ग्रहांच्या बाबतीत चुंबकीय क्षेत्राचे डुलणे मोजून हे उत्तर काढता येते. पण शनीचा चुंबकीय अक्ष त्याच्या भ्रमणाच्या अक्षाशी जवळपास तंतोतंत जुळतो, म्हणून ते डुलणेच दिसत नाही.

उत्तर कड्यांनी दिले. शनीच्या अंतर्भागात सतत कंपने होत असतात. त्यामुळे त्याचे गुरुत्वाकर्षण किंचित बदलत राहते आणि कड्यांतील कणांमध्ये नागमोडी लहरी उठतात. भूकंपमापकाच्या नोंदीवरून पृथ्वीच्या पोटातले कळावे, तशा या लहरी शास्त्रज्ञांनी वाचल्या. २०१९मध्ये त्यातून १० तास ३३ मिनिटे ३८ सेकंद हा आकडा निघाला. २०२१मध्ये याच पद्धतीने दिसले की शनीचा गाभा म्हणजे टणक गोटी नाही. खडक, बर्फ आणि वायूचे विरळ होत जाणारे ते मिश्रण आहे आणि ते त्रिज्येच्या सुमारे ६० टक्क्यांपर्यंत पसरले आहे.

हे शक्य झाले ते प्रामुख्याने कॅसिनी यानामुळे. १९९७मध्ये निघालेले हे यान २००४मध्ये शनीपाशी पोहोचले. अखेरच्या महिन्यांत ते ग्रह आणि कडी यांच्यामधल्या फटीतून २२ वेळा गेले आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्या वातावरणात त्याने शेवट केला.

मग कडी कायमची आहेत का?

नाहीत. समाजमाध्यमांवरील संदेशातला हा एकच धागा खरा, पण काळाचे माप पूर्णपणे चुकलेले. कड्यांतील बर्फाचे सूक्ष्म कण विद्युतभारित होतात आणि चुंबकीय क्षेत्राच्या रेषांवरून शनीत कोसळतात. याला ‘कड्यांचा पाऊस’ म्हणतात. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या पावसाचा वेग सेकंदाला अंदाजे ४३० ते २८७० किलो एवढा आहे. पावसाळ्यात खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे पाहणाऱ्या पुणेकरांच्या भाषेत सांगायचे, तर हा विसर्ग १५ ते १०० क्युसेक होतो. मुठेत हजारो क्युसेक पाणी सोडले जाते, त्या मानाने ही फार तर एखाद्या लहान कालव्याची धार. पण ती अखंड चालू आहे. या वेगाने कडी साधारण ३० कोटी वर्षांत संपतील. कॅसिनीला कड्यांतून थेट विषुववृत्तावर पडणारे द्रव्यही आढळले. ते जमेस धरले तर ही मुदत दहा कोटी वर्षांपेक्षाही कमी भरते.

कडी जन्मली कधी, यावर मात्र एकमत नाही. कॅसिनीने मोजलेले त्यांचे वस्तुमान शनीच्या मिमास या लहान चंद्राच्या सुमारे ४० टक्के आहे. इतकी हलकी आणि स्वच्छ कडी फार जुनी नसावीत, दहा कोटी वर्षांच्या आतबाहेर किंवा फार तर ४० कोटी वर्षांची असावीत, असे एक मत आहे. २०२२मध्ये एका गटाने मांडले की, सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी शनीचा एक चंद्र त्याच्या फार जवळ जाऊन फुटला असावा आणि त्याच्या तुकड्यांची कडी बनली असावीत. याउलट २०२४मधील एका अभ्यासाने दाखवले की, बाहेरून येणारी धूळ कड्यांवर आदळताना बाष्प होऊन निघून जाऊ शकते. तसे असेल तर कडी स्वच्छ दिसतात म्हणून ती तरुण आहेत, असे म्हणता येणार नाही.

पहिले मत बरोबर ठरले, तर पृथ्वीवर डायनोसॉर वावरत होते त्या काळातच केव्हातरी ही कडी तयार झाली असतील आणि साडेचार अब्ज वर्षांच्या सूर्यमालेत आपण नेमके ती असण्याच्या काळात जन्मलो आहोत.

साडेसातीचा आकडा कुठून येतो?

संस्कृतातील ‘शनैश्चर’ म्हणजे हळूहळू चालणारा. साध्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ग्रहांत शनी सर्वांत दूर, म्हणून सर्वांत संथ. सूर्यापासून सरासरी १४३ कोटी किलोमीटर अंतरावरून एक फेरी पूर्ण करायला त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा, म्हणून एका राशीत तो सरासरी अडीच वर्षे असतो. जन्मराशी, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशी ओलांडायला साडेसात वर्षे लागतात. साडेसातीचा आकडा हा एवढाच गुणाकार आहे.

‘वक्री’ शनीचेही तसेच. यंदा जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत शनी आकाशात उलटा सरकताना दिसतो. द्रुतगती मार्गावर आपली गाडी शेजारच्या संथ ट्रकला मागे टाकते तेव्हा तो ट्रक दूरच्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर मागे जात असल्याचा भास होतो. आतल्या कक्षेतून वेगाने जाणारी पृथ्वी शनीला मागे टाकते तेव्हा हेच घडते. शनी कधीच मागे वळत नाही.

याच गणिताची दुसरी बाजू क्वचितच मांडली जाते. बारांपैकी तीन राशींना नेहमीच साडेसाती असते. म्हणजे कोणत्याही दिवशी दर चार माणसांतील एकजण साडेसातीत असतो. १४० कोटींच्या देशात ही संख्या ३५ कोटींच्या घरात जाते आणि पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाच्या आयुष्याचा साधारण चौथा हिस्सा साडेसातीत गेलेला असतो. एवढ्या मोठ्या समूहात नोकरी गमावलेले जसे सापडतील, तसे बढती मिळालेलेही सापडतील.

गुरुत्वाकर्षणाने शनी माणसावर परिणाम करतो का, असाही प्रश्न विचारला जातो. शनी पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतानाही त्याची ओढ सूर्याच्या ओढीच्या सुमारे अडीच लाखांश भरते. तिचा माणसाच्या विवाहाशी किंवा नोकरीशी संबंध जोडणारी कोणतीही भौतिक प्रक्रिया माहीत नाही.

पुण्यात ही समजूत कशी तपासली गेली?

पुण्याला आकाशाच्या मोजमापाची जुनी परंपरा आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६०मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत आणला. ग्रहांची स्थाने आधुनिक गणिताने काढता यावीत आणि पंचांग आकाशाशी जुळावे, हा त्यामागचा हेतू. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८च्या सुमारास पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभारली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आलेली तिची २० इंची दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. १९४४मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि १९८८मध्ये आयुका.

आयुकाचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांचे यंदा २० मे रोजी पुण्यात निधन झाले. त्यांच्या कामांपैकी एक या विषयाला थेट भिडणारे आहे. २००८मध्ये त्यांनी पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. हुशार विद्यार्थ्यांच्या १०० आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन विचारले की, यांतील कोणती पत्रिका कोणत्या गटातील मुलाची? ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी अचूकता ४६ टक्के निघाली. नाणे उडवून उत्तरे दिली असती, तर ती ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. सर्व २०० पत्रिका तपासणाऱ्या एका गटाचे निकालही नाणेफेकीहून सरस नव्हते.

या चाचणीने कुणाच्या श्रद्धेवर निर्णय दिला नाही. तिने एकच दावा तपासला : जन्मवेळच्या ग्रहस्थितीवरून माणसाबद्दल एवढी मोठी गोष्ट तरी ओळखता येते का? उत्तर नकारार्थी आले. पत्रिकेतील शनीमुळे मोडलेली लग्ने, पुढे ढकललेली दुकाने किंवा घरखरेदी आणि शांतीसाठी कर्ज काढून केलेला खर्च पाहिला, तर हा प्रश्न केवळ बौद्धिक चर्चेचा राहत नाही. या चाचणीतील डॉ. दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यातच हत्या झाली.

यापुढे शनीबद्दल काय अपेक्षित आहे?

शास्त्रज्ञांचे लक्ष आता त्याच्या चंद्रांकडे आहे. यंदा मार्चमध्येच १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि शनीच्या चंद्रांची संख्या २७४ झाली. एन्सेलॅडस या जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाच्या चंद्राच्या बर्फाळ कवचाखाली पाण्याचा समुद्र आहे आणि दक्षिण ध्रुवावरील भेगांतून त्याचे फवारे अंतराळात उडतात. त्या फवाऱ्यांतील कणांत फॉस्फेट असल्याचे २०२३मध्ये जाहीर झाले. सजीवांना लागणाऱ्या मूलद्रव्यांतील फॉस्फरस तिथे मिळणे ही मोठी गोष्ट आहे. बुध ग्रहापेक्षा मोठ्या टायटनवर मिथेनची तळी आहेत. तिथे उडणारे ‘ड्रॅगनफ्लाय’ हे यान नासा २०२८मध्ये सोडणार असून ते २०३४मध्ये पोहोचेल.

पुण्यातून शनी कधी, कसा दिसेल?

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री आठच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उंच पाहिले, तर न लुकलुकणारा, पिवळसर, स्थिर ठिपका दिसेल. तोच शनी. तो मध्यरात्रीनंतर पश्चिमेला मावळतो. साध्या डोळ्यांनी कडी दिसत नाहीत. त्यासाठी किमान २५-३० पट मोठे दाखवणारी लहान दुर्बीण लागते. सध्या त्यातून कडी सुईने टोचून आरपार काढल्यासारखी दिसतील. पुढच्या वर्षापासून ती हळूहळू उघडत जातील आणि २०३२च्या सुमारास सर्वांत जास्त कललेली दिसतील. ज्यांना दोन्ही रूपे पाहायची आहेत, त्यांनी आताची रेघ चुकवू नये. अशी संधी पुन्हा २०३८मध्येच येईल, तेव्हा शनी आणखी पाच राशी ओलांडून गेलेला असेल.